आम्ब्रोसिओ किआलाचा सुटलेला झेल

फिलिबेर्तो ओकेन्दो या न्हाव्याला ठार मारावं असं मला कधीच वाटलं नाही. माणूस मेला की लोक त्याच्याबद्दल चांगलं बोलायला लागतात, आणि ते मला सहन झालं नसतं. मला तो जिवंत हवा होता आणि गप्प हवा होता. रोज बागेत यावं त्यानं, सगळं ऐकावं, जीभ नुसती वळवळावी आणि तोंडातून शब्द फुटू नये, एवढंच माझं मागणं होतं.

आमच्या बागेत ते जमण्यासारखं आहे. बदामाच्या झाडाखाली बेसबॉलवाल्यांचा अड्डा भरतो, सकाळी जेवणवेळेपर्यंत आणि ऊन उतरलं की पुन्हा. परक्या माणसाला वाटतं, आता इथे मुडदा पडणार. माणसं नाकाला नाक लावून ओरडत असतात, हात हवेत, मानेच्या शिरा ताठ. आणि भांडण कशावरून, तर १८७४ साली माटान्झासला पहिला सामना झाला, हवानानं एक्कावन्न विरुद्ध नऊ असा धुव्वा उडवला, तेव्हा त्या नऊ धावा तरी खऱ्या की दया म्हणून दिलेल्या.

अड्ड्यावर पैशाची पैज लागत नाही. क्युबात पैसे आहेत कुणाकडे? पैज लागते तोंडाची. एकानं एखादी गोष्ट छातीठोक सांगितली आणि दुसऱ्यानं 'खोटं, तोंड लावतो' म्हटलं की दोघांपैकी एकाच्या तोंडाला कुलूप बसणार. हंगामातला शेवटचा गडी बाद होईपर्यंत हरलेल्यानं रोज यायचं, मुक्यांच्या बाकावर बसायचं आणि अवाक्षर काढायचं नाही. घरी बसून राहिलं तर ते भित्रेपणाचं लक्षण. मागच्या हंगामात दामासोला कुलूप लागलं होतं, तर त्याची बायको सांगत होती की नवरा झोपेत ओरडतो, शेजारी तक्रार करतात. निकाल द्यायचा ओनेलिओनं. तो जन्मभर पंच होता आणि एकदा दिलेला निर्णय त्यानं सख्ख्या आईच्या सांगण्यावरूनही फिरवला नसता.

आता माझं दुखणं सांगतो. माझा धाकटा भाऊ आरिस्तिदेस, आमचा आरी, शॉर्टस्टॉप होता, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे खेळायचा. प्रांतात त्याच्यासारखे हात नव्हते. शहाऐंशी सालच्या अंतिम सामन्यात शेवटच्या डावात आम्ही एका धावेनं पुढे होतो. एक गडी बाद झाला की संपलं. चेंडू सरळ वर गेला, पोरंसोरं घेतील असा झेल. तो आरीच्या हातमोज्यात आला आणि बाहेर पडला. बेसवरचे दोघे तोवर धावत सुटलेले होते, दोघांनीही धाव पुरी केली. आम्ही हरलो.

असं होतं खेळात. चार दिवस लोक शिव्या देतात आणि विसरतात. पण फिलिबेर्तोनं विसरू दिलं नाही. दुसऱ्याच दिवशी त्यानं आरीचं नाव 'मान्तेका' ठेवलं. मान्तेका म्हणजे डुकराची चरबी, जी हातात धरवत नाही. आणि तो त्याचा प्रश्नच झाला. अड्ड्यावर कुणी नवखा आला, कुणाचा पाहुणा आला, की इतिहासाच्या चार प्रश्नांनंतर फिलिबेर्तो खाकरून विचारायचा, "आता सांगा, दारात आलेला चषक परत कुणी पाठवला?" आणि सगळा अड्डा एका सुरात ओरडायचा, "मान्तेका!" पाहुणा हसायचा. सगळे हसायचे. जवळजवळ तीस वर्षं हे चाललं.

आरीनं बेकरीत रात्रपाळी धरली. दिवसा झोपायचं, अंधार पडला की कामावर, आणि तेसुद्धा बाग टाळून धक्क्यावरून लांबचा वळसा घालून. आईच्या घरात एकटा राहिला, लग्न केलं नाही. उन्हात चालताना त्याला शहरातल्या निम्म्या लोकांनी पाहिलेलं नसेल. मला एकच हवं होतं, माझ्या भावानं भर दुपारी मान वर करून त्या बागेतून चालत जावं. आणि फिलिबेर्तोचं तोंड उघडं आहे तोवर ते होणार नव्हतं.

मी मात्र रोज अड्ड्यावर जायचो. कुणीतरी तिथे असायलाच हवं होतं, त्या न्हाव्याची चूक पकडायला.

पण चूक सापडेना! हरामखोराला सगळं पाठ. कुठल्या साली कुणी किती होमरन मारले, कुणाचा गुडघा कधी दुखावला, कुणाच्या सासऱ्यानं सामना चालू असताना मैदानात शिरून जावयाच्या थोबाडीत मारली. वर्षामागून वर्षं मी कान देऊन ऐकत होतो. शेवटी एका थंडीत, माझी दाढी तोच करत असताना, माझ्या ध्यानात आलं की हा माणूस 'माहीत नाही' हे दोन शब्द कधीच उच्चारत नाही. काहीही विचारा, वस्तरा थांबत नाही. मी गालाला साबण तसाच ठेवून हसलो.

"काय झालं?" तो म्हणाला.

"काही नाही. गुदगुल्या झाल्या."

तिथून मी थेट ओनेलिओकडे गेलो. त्याला शपथ घातली आणि सांगितलं, "मी एक खेळाडू जन्माला घालणार आहे. आम्ब्रोसिओ किआला. डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, साखर कारखान्यांच्या जुन्या लीगमधला. असा माणूस कधी झाला नाही, हे आज तुझ्याजवळ ठेवतो."

"नाव कुठून काढलंस?"

"बायकोच्या गावी प्रेशर कुकर दुरुस्त करणारा आहे एक."

ओनेलिओ हसला नाही. त्यानं फक्त विचारलं, "नक्की?" पंच लोक असंच विचारतात.

दुसऱ्या दिवशी अड्ड्यावर डावखुऱ्यांवरून जुंपली होती. मी शेंगदाण्याची पुडी फोडत सहज म्हणालो, "ते सगळे ठीक. पण कारखान्यांच्या लीगमधला किआला? आम्ब्रोसिओ किआला? त्याचं नाव कुणी घेत नाही."

सगळ्यांनी फिलिबेर्तोकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत मला एक क्षण भोक दिसलं, रिकामं. मग तो म्हणाला, "किआला? अरे, माझ्या बापानं दाढी केलीय त्याची! सामन्याच्या दिवशी डावा गाल करू द्यायचा नाही. म्हणायचा, डाव्या बाजूला आज लोखंड लागायला नको."

घरी येऊन मी बायकोला मिठी मारली. नेरेइदाला वाटलं मी प्यालोय.

मी नाव दिलं, डावा हात दिला आणि कारखाना दिला. बाकीचा किआला फिलिबेर्तोनंच वाढवला. महिनाभरात त्याला खेचर आलं, दोन बायका आल्या, उसाच्या रसात रम घालून प्यायची सवय आली. अमेरिकेहून त्याला न्यायला माणूस आला तर ह्यानं म्हणे खेचर बोटीवर घेत असाल तरच येतो म्हणून सांगितलं. दामासोच्या तोंडाचं कुलूप नुकतंच निघालं होतं, तो म्हणाला की त्याच्या चुलत्यानं किआलाला पाहिलंय. फिलिबेर्तोनं त्याला झापलं, "तुझा चुलता आंधळा होता!" दोघं एका नसलेल्या माणसावरून गळे धरायला निघाले. मी शेंगदाणे खात बसलो होतो. आयुष्यात इतके गोड शेंगदाणे मी खाल्ले नाहीत.

मग एका दुपारी त्यानं ते नवीन काढलं.

"किआला एकदा हरला," फिलिबेर्तो म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं. "कारखान्या-कारखान्यांचा निकालाचा सामना. शेवटचा गडी. चेंडू हळू उडून सरळ त्याच्याच हातात आला, आणि सुटला. सामना गेला. किआला जो उसात शिरला तो बाहेर येईना. रात्र झाली. तेव्हा गाव कंदील घेऊन उसात शिरलं. हाका मारत, एकेक सरी धुंडाळत. सापडला तेव्हा खांद्यावर उचलून आणला त्याला, आणि डुक्कर भाजलं. कुणी झेलाचं नाव काढलं नाही. पुन्हा कधीच काढलं नाही."

दामासोनं नाक पुसलं.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. जो जन्मलाच नाही त्याच्यासाठी कंदील, खांदे आणि भाजलेलं डुक्कर, आणि माझ्या रक्तामांसाच्या भावाला चरबी! मी उठून बागेबाहेर गेलो आणि एका भिंतीवर मूठ आपटली. त्याच भिंतीपाशी मी दिवस ठरवला. हंगाम सुरू होण्याआधीचा रविवार. त्या दिवशी सगळं शहर बागेत असतं, आणि कुलूपही सबंध हंगामाचं बसतं.

त्या आठवड्यात आरी माझ्याकडे जेवायला आला होता. भातात काळा घेवडा कालवता कालवता त्यानं विचारलं, "बेकरीत पोरं बोलत होती. तो कुणी किआला म्हणून होता, त्याला खरंच शोधायला गेले होते का?"

"फिलिबेर्तो सांगतो तसं."

"रात्रीच गेले? सगळा गाव?"

"म्हणतो खरा." मी हसू दाबलं. मला वाटलं, माझ्या भावालाही शिकारीचा वास लागलाय. "आरी, रविवारी बागेत ये. सकाळी. ऐक माझं, एकदाच ये. तुला असं काही दाखवतो की जन्मभर पुरेल."

त्याला मी गुपित सांगितलं नाही. दुश्मन डोळ्यांदेखत पडताना पाहण्याची मजा आधी सांगून कोण घालवतं? तो बराच वेळ चमच्यानं घेवडा ढवळत राहिला. मग म्हणाला, "येईन. तोच सांगणार असेल तर येईन."

रविवारी तो आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस पाण्यानं बसवलेले. उन्हात त्याचा चेहरा कणकेसारखा पांढरा दिसत होता. अड्डा बघतच राहिला. मागून कुणीतरी "मान्ते..." असं सुरू केलं आणि त्याच्या बरगडीत कुणाचं तरी कोपर बसलं. फिलिबेर्तो बोलता बोलता थांबला. मी त्याला तसा थांबलेला कधी पाहिला नव्हता.

माटान्झासचा प्रश्न झाला, जावयाला मारणाऱ्या सासऱ्याचा झाला. त्याच्या त्या नेहमीच्या प्रश्नाची वेळ आली, बागेत पाहुणेही भरपूर होते, पण त्यानं तो विचारला नाही. नुसता खाकरला. तेव्हा आरीच बोलला. त्याचा आवाज बसका आहे, रात्री पिठाच्या गोण्यांमधे कुणाशी बोलायचं नसतं.

"ते किआलाचं सांगा ना."

फिलिबेर्तोनं टोपी काढली. "कुठलं?"

"झेलाचं."

आणि तो सांगू लागला. त्या दिवशी त्यानं जसं सांगितलं तसं आधी कधीच सांगितलं नव्हतं. हात उडवले नाहीत, ओरडला नाही. सगळा वेळ आरीकडे बघत होता. उसात शिरलेला किआला, पायाला लागलेली पाती, लांबून दिसणारे कंदील, आपल्याला मारायला येताहेत असं वाटून त्यानं धरलेला श्वास. आरी पुढे झुकून ऐकत होता, लहानपणी आई रेडिओ लावायची तेव्हा बसायचा तसा.

"आणि सगळ्यांच्या पुढे कोण होता, माहीत आहे?" फिलिबेर्तो म्हणाला. हा भाग नवा होता. "त्याला सगळ्यात जास्त हसलेला माणूस. त्याच्याच हातात पहिला कंदील होता. त्यालाच सापडला किआला. आणि त्याला काय बोलावं सुचेना, म्हणून तो नुसताच खाली वाकला आणि म्हणाला, बस माझ्या खांद्यावर."

मला कळलं. मी काही दगड नाही. न्हावी काय करत होता ते मला त्या क्षणी लख्ख कळलं, आणि कळल्यामुळेच माझं डोकं जास्त फिरलं. तीस वर्षं भर चौकात माझ्या भावाचं नाव चरबीनं माखायचं, आणि फेड कशानं करायची, तर उसाच्या आणि कंदिलाच्या गोष्टीनं? माफ कर म्हणायला जीभ झडत होती का? त्यात ती गोष्टसुद्धा माझ्या पोटातून निघालेली! एवढ्या स्वस्तात मी त्याला सोडणार नव्हतो.

मी उभा राहिलो. "खोटं आहे."

"एव्हेलिओ," फिलिबेर्तो हळूच म्हणाला, "आज नको."

"आजच. आम्ब्रोसिओ किआला नावाचा खेळाडू या बेटावर कधी झाला नाही. तोंड लावतो."

अड्ड्यात एकदम गलका झाला. "अरे, वेडा झालास का?" दामासो ओरडला. "माझ्या चुलत्यानं..."

"तुझ्या चुलत्याला घाल चुलीत! न्हाव्या, तू बोल. लावतोस तोंड? की तुझ्या बापानं कुणाचीच दाढी केली नाही?"

तो नाही म्हणू शकला असता. नाही म्हणायचं म्हणजे आरीच्या समोर किआला नव्हता असं कबूल करायचं. त्यानं आरीकडे पाहिलं, टोपी डोक्यावर घातली आणि म्हणाला, "लावतो. किआला होता."

"पंच!" मी ओरडलो.

ओनेलिओ गर्दीतून पुढे आला. त्याला हे काम आवडलेलं नव्हतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं, पण खोटा निर्णय तो देणार नव्हता. "थंडीत एव्हेलिओ माझ्याकडे आला होता. हे नाव त्यानं बनवलं, कुकर दुरुस्त करणाऱ्या एका माणसावरून. त्यानंतरच ते मी पहिल्यांदा अड्ड्यावर ऐकलं. किआला नव्हता. फिलिबेर्तो, कुलूप."

आधी कुणाला खरं वाटेना. मग कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि जो हशा उसळला तो समोरच्या हॉटेलच्या गच्चीपर्यंत गेला असेल. "दाढी! डावा गाल!" "खेचराचं काय झालं रे?" "आणि त्या दोन बायका? त्या कुणाच्या?" माणसं पोटं धरून झाडाला टेकली होती. माझी पाठ थोपटली जात होती. फिलिबेर्तो मधोमध उभा, टोपीखाली कान लाल. एवढ्या वर्षांनी! मला असं वाटलं की आतून कुणी तरी माझं जुनं हाड जागेवर बसवलं. खोटं कशाला बोलू, तो आनंद खरा होता, आणि तो मी पुरेपूर घेतला.

कुलूप लागण्याआधी हरलेल्याला एक वाक्य बोलायला मिळतं. बहुतेक लोक शिवी देतात. फिलिबेर्तोनं हशा ओसरेपर्यंत वाट पाहिली.

"आरिस्तिदेस," तो म्हणाला, "उद्या येशील?"

मग तो मुक्यांच्या बाकावर जाऊन बसला.

मी भावाकडे वळलो, छाती फुगवून. "बघितलंस? मेला तो. आता हंगाम संपेपर्यंत हूं की चूं नाही."

आरी हसत नव्हता. त्याचा चेहरा ऐकताना उघडला होता, तो पुन्हा मिटला होता. "ते कंदिलाचं तू सांगितलं होतंस त्याला?" त्यानं विचारलं.

"नाही. मी फक्त नाव दिलं. कंदील, खांदे, ती सगळी भंकस त्याची."

"त्याची," आरी म्हणाला.

"हो, त्याचीच. त्याच्याच तोंडानं पकडला ना त्याला! चल घरी. नेरेइदानं मांस शिजवलंय, रमची बाटली आणलीय. आज साजरं करू."

तो हलला नाही. मग शर्टाची बाही सरळ करून बाकाकडे गेला आणि त्या न्हाव्याच्या शेजारी बसला. मधे हातभर जागा ठेवली, पण बसला. अड्डा पाहत होता. मी धावत मागे गेलो.

"काय करतोस? ऊठ. लोक बघताहेत."

"बघू दे."

"आरी, जेवण थंड होतंय."

"तू जा. त्याला आता बोलता यायचं नाही. कुणीतरी जवळ बसायला हवं."

माझा आवाज चढला. चढणारच. "आणि तू तीस वर्षं घरात तोंड मिटून बसला होतास, तेव्हा हा येऊन बसला का तुझ्याजवळ? एकदा तरी?"

"नाही," माझा भाऊ म्हणाला. तो माझ्याकडे बघतही नव्हता. "तूही नाही बसलास. तू रोज इथे असायचास."